आज डब्यात काय

भुलाबाईचे दिवस आले की प्रमिला मुरमुरे आणून ठेवायची. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी भुलाबाईपुढं गाणी म्हणत आणि शेवटी डबा हलवून आतली खिरापत ओळखत. तिची सुरभी सोळा वर्षांची, पण समज चार वर्षांच्या लेकरासारखी. डबा कोणताही असो, तिचं उत्तर ठरलेलं, "मुरमुरे!" पोरी फिदीफिदी हसायच्या. म्हणून प्रमिलानं रोज मुरमुऱ्यांचीच खिरापत सुरू केली. लेक रोज जिंकू लागली आणि पोरी एकेक करून यायच्या बंद झाल्या.

आता मायलेकीच खेळत. फुलसावंगीला, माहेरी, खिरापत ओळखण्यात प्रमिलाला कोणी हरवलं नव्हतं, हे इथं पांढरकवड्यात सांगायचं तरी कोणाला!

यंदा कोजागिरीला शकुबाईनं बोलावणं धाडलं. तिचा मुलगा अमर सुरभीच्याच, अशा लेकरांच्या शाळेत. "फक्त मायांनी यायचं. लेकरं घरी ठेवा. एक दुपार आपली."

प्रमिलाचा जीव तिकडं ओढ घेत होता, पण सुरभी तिच्याशिवाय कोणाच्या हातचं खात नसे. सोळा वर्षांत प्रमिला एकटी किराणा दुकानापलीकडं गेली नव्हती.

"जाय न वं," नवरा पंजाबराव म्हणाला. "मी काय परका हावो काय?"

ती गेली. गाणी एकातून एक आठवत गेली. गळा मोकळा झाला. मग शकुबाईनं तिच्यापुढं डबा हलवला. आत काहीतरी जड होतं, मुरमुरे तर नव्हतेच. प्रमिला ठासून म्हणाली, "मुरमुरे!"

कोणी हसलं नाही. सगळ्या मायाच होत्या.

"हे पोरीचं झालं," शकुबाई म्हणाली. "तुले काय आवडते, ते सांग."

सुरभीला काय आवडतं, नवऱ्याला काय, सासूला तिखट किती, सगळं तोंडपाठ होतं. स्वतःचं काही केल्या आठवेना. प्रमिलाला रडूच कोसळलं.

"सांजोरी," ती डोळे पुसत म्हणाली. "माही माय करे."

डब्यात शेंगदाण्याचे लाडू निघाले. "चुकली वं बाई!" बायका ओरडल्या आणि आता मात्र पोट धरून हसल्या, प्रमिलासुद्धा. शकुबाईनं घरी न्यायला दोन लाडू दिले. "पुढच्या पौर्णिमेले सांजोरी करतो. तू फक्त हात हलवत ये."

घरी पंजाबरावाचा सदरा वरणानं माखला होता. सुरभी त्याच्या हातचे चार घास जेवली होती. प्रमिलानं लाडू डब्यात टाकून तिच्यापुढं हलवले.

"मुरमुरे!"

"बरोबर" अगदी ओठांवर आलं होतं. "चुकली वं बाई!" प्रमिला म्हणाली.

सुरभी बघतच राहिली. मग तिनं डबा स्वतः हलवला, कानाशी धरला आणि आईकडं दिला. "अजून."

प्रमिला हलवत राहिली. पुढच्या पौर्णिमेला अजून तब्बल एक महिना होता.