लाल रेघ

"चूक तुमची आहे, मोठे डॉक्टर. लॅबने दातांची मापं परत पाठवायची नाहीत, हा हुकूम तुमचा. पेशंटला दुसऱ्यांदा बोलवावं लागलं की दवाखान्याची अब्रू जाते म्हणे! आता हिचा चांगला दात गेला, त्याचं काय?"

एवढं बोलून तिला धाप लागली. अठरा वर्षं ती या दवाखान्याच्या लॅबमध्ये दातांच्या कॅपा आणि ब्रिज घडवत होती, पण केबिनमध्ये आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. शेजारी मावशी गाल धरून बसली होती. लोकांचे कपडे शिवून तिला लहानाची मोठी केलेली मावशी.

"अगं, हळू. मीच नीट घासले नसतील दात."

हे 'मीच' ती दोन वर्षं ऐकत होती. दोन वर्षांपूर्वी मावशीची एक दाढ काढली होती. ती जागा भरायला दोन्हीकडचे धडधाकट दात तासून बारीक केले आणि त्यांवर ब्रिज बसवला. तेव्हापासून त्यातल्या पुढच्या दाताशी घास अडकायचा. मावशी बिचारी दिवसातून चारदा ब्रश फिरवायची. गेल्या आठवड्यात ब्रिज कापला, तर आत दाताचा पार भुगा. आता नव्या ब्रिजसाठी डॉक्टरांना त्याच्या शेजारचा दात तासायचा होता. तोही धडधाकट. आणि आजच.

"काही पुरावा?" डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले.

तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला प्लास्टरचा साचा काढून टेबलावर आपटला. "हा घ्या. तुम्ही घेतलेल्या मापातच ओतलाय. या दाताची कडच उमटलेली नाही. मग कॅप टेकवायची कुठे, माझ्या कपाळावर? फट राहणारच, आणि तिथेच घास अडकून दात किडणार!"

डॉक्टरांनी साचा फिरवून पाहिला. "कड नाही? मग ही लाल रेघ कसली?"

"माझी. अंदाजाने ओढलेली," ती पुटपुटली. सकाळी लॅबच्या फळीवर साचा शोधताना तिला फक्त डॉक्टरांची चूक दिसली होती. स्वतःची पेन्सिल दिसलीच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात दोन मापं परत पाठवून तिने दोनदा बोलणी खाल्ली होती. तिसऱ्यांदा तोंड उघडायचं जिवावर आलं. इथेच असेल कड, असं म्हणून तिने अंदाजाने रेघ ओढली आणि त्या रेघेवर ब्रिज घडवला. "डोळे मिटून जा मावशी, काम माझ्याच हातचं असेल," हेही तिनेच सांगितलं होतं.

"बाई, लवकर ठरवा. बाहेर लोक ताटकळलेत," डॉक्टर म्हणाले.

"ताटकळू देत. माझ्या दाताला हात लावायचा नाही. तुमच्याकडे मग बघते." मावशीने साचा ओढून घेतला. साच्यातल्या समोरच्या दातावरच्या खाचेवरून नख फिरवलं. दोरा तोडून तोडून पडलेली खाच.

"माप चुकलं तर मी गिऱ्हाइकाला परत बोलावते. शिव्या खाते, पण अंदाजाने कात्री चालवत नाही," मावशी सावकाश म्हणाली. "ही खाच तुला लहानपणापासून माहितीये. रेघ ओढताना दिसली होती ना? हे तोंड माझं आहे, कळलं होतं ना तुला?"

ती रुमालाच्या घड्या घालत राहिली.

"रुमाल ठेव खाली. माझ्याकडे बघ आणि सांग."