टेकायची खोड

कुत्र्याचं नाव बारक्या. आता वासराएवढ्या ग्रेट डेनला बारक्या म्हणणारी माणसं डोक्याने ठीक असतील का, असं कुणालाही वाटेल. पण घरच्या मुलीने त्याला आणलं तेव्हा तो चपलांच्या खोक्यात मावत होता, आणि एकदा चिकटलेलं नाव कुठे सुटतं!

पुढे मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली. तिथली खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि जिने चढून या जातीच्या सांध्यांची वाट लागते. म्हणून बारक्या आईकडेच राहिला. आईचं इस्त्रीचं दुकान. गल्ली तिला मावशी म्हणायची. आधी मावशीने कपाळाला हात लावला. एवढं धूड, त्याच्या लाळेच्या तारा, आणि दुकानात लोकांचे पांढरेशुभ्र शर्ट! मग तिनेच त्याच्या कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून जुन्या चादरी दुमडून जाड गादी शिवली. गिऱ्हाइकं भिऊन दारातूनच कपडे भिरकावत. बारक्या मात्र समोरची मांजर दिसली की टेबलाखाली घुसायचा, आणि निम्मा बाहेरच राहायचा.

त्याला खोड एकच, टेकायची. ज्याच्यावर जीव, त्याच्या अंगावर सगळा भार टाकून उभं राहायचं. मावशी दिवसभर टेबलापाशी उभी आणि बारक्या तिच्या मांडीला रेललेला. त्याला मान वाकवावी लागू नये म्हणून जेवणाचं भांडं ती शेजारच्या स्टुलावर ठेवायची, इस्त्री चालूच. टेकल्या टेकल्या तो जेवायचा. कुत्र्याला एकट्याला निवांत जेवू द्यावं, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलीचा रोज फोन यायचा. जेवला का, कान साफ केलेस का, नखं कापलीस का. तुझी कंबर कशी आहे, हे विचारायचं राहून जायचं. मावशीला ते कळत नव्हतं थोडंच? पण फोन येत होता ना. कुत्र्याचं शेपूट धरून का होईना, लेक घरात येत होती.

मग मुलीने तळमजल्यावर घर घेतलं आणि बारक्याला न्यायला आली. रात्रभर राहिली, सकाळी त्याला गाडीच्या मागच्या सीटवर कोंबलं आणि गेली. मावशीने हसून हात हलवला. आत येऊन तिने एकाच शर्टाला दोनदा इस्त्री केली.

दोन दिवस फोन नाही. मग आला.

"आई, हा काही खातच नाही गं. भांडं ठेवते, मी बाजूला होते, तर हा जाऊन भिंतीला टेकतो. डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत आहे. परत आणून सोडू का तुझ्याकडे?"

नुसतं हो म्हणायचं होतं. बारक्या परत आला असता, रोजचे फोन परत आले असते, मुलगी आणखी एक रात्र राहिली असती. कुणाला काय कळणार होतं? पण उपाशी उभा असलेला तो येडा जीव डोळ्यांपुढे आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बाजूला होऊ नकोस," ती म्हणाली. "भांडं उंचावर ठेव आणि त्याच्या शेजारी उभी राहा. टेकू दे त्याला. आणि घाई करू नकोस, त्याला कळतं."

पलीकडे खुडबुड झाली. मग मुलगी हसली. "अगं, केवढा जड आहे हा! पाडेल मला." पाठोपाठ लपलप आवाज सुरू झाला. "खातोय, आई. खातोय."

"खाणारच."

"सुटले बाई. आता सारखा फोन करून तुला छळणार नाही."

"छळ गं," मावशी म्हणाली.

मुलीने फोन ठेवला नाही. बराच वेळ फोनवर नुसता बारक्याच्या जेवणाचा आवाज येत राहिला.