खिशात राहिलेला पुठ्ठा

मी पुठ्ठ्याचा एक तुकडा बोलतोय. आधीच सांगतो, माझा पार गोंधळ उडालाय.

शर्टाच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्यातून ताईंनी मला कापलं. ताई शर्टांच्या कारखान्यात खिसे लावायच्या. बारा वर्षं तेच काम. यंदा सुपरवायझरची जागा निघाली, पण मुलाखत इंग्रजीतून. म्हणून त्यांनी चाळीस तुकडे कापले आणि एकेकावर इंग्रजी शब्द लिहिले. माझ्या पोटावर आलं 'मिस आउट', पाठीवर अर्थ: हवीशी संधी हुकणे.

शेजारच्या मशीनवर त्यांची जाऊ. तिने विचारलं, म्हणजे गाडी चुकणं का?

"नाही गं. गाडी चुकली तर पुढची येते. हे म्हणजे सगळे जेवून उठले आणि आपण पोचलोच नाही."

"मग तू वेळेवर पोच," जाऊ म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी ताईंनी मला समोरच्या शर्टाच्या खिशात खोचलं, येताजाता नजर पडावी म्हणून. आतून त्यांचं नाव पुकारलं. ताई उठेनात. एवढा खिसा होऊ दे, म्हणाल्या. पुन्हा पुकारलं. जावेने सरळ त्यांच्या मशीनचं बटण बंद केलं. तेवढ्यात कुणीतरी शर्टांचा गठ्ठा उचलला आणि त्यात मीही गेलो.

इस्त्रीचे चटके खाल्ले, घडीत चेपलो, दुकानात पडून राहिलो. ताई उठल्या की नाही, देव जाणे. मग संधी हुकली ती त्यांची, की एवढा क्षण न बघितलेल्या माझी? माझ्या पाठीवर याचं उत्तर नाही.

शर्ट घेतला एका दातांच्या डॉक्टरांनी. त्यांनी मला वहीत खूण म्हणून ठेवलंय. काल त्यांनी त्याच कारखान्याचा दुसरा शर्ट आणला आणि खिसा तिरका लागलाय म्हणून कुरकुरत बसले. मला भरून आलं. ताईंच्या हातून खिसा तिरका लागणं शक्य नाही. मग त्या मशीनवर नाहीत? सुपरवायझर होऊन वरच्या खोलीत बसतात? की आजारी आहेत? की धीर खचून काम सोडलं? आनंद करू की रडू, काही सुचत नाही.

एक मात्र पक्कं माहीत आहे. तक्रारीचा शर्ट थेट सुपरवायझरच्या टेबलावर जातो.

डॉक्टरसाहेब, तो शर्ट परत कराच. आणि जाताना मला त्याच्या खिशात ठेवा.