श्वास सोडून दिलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप. गाणी वाजवणारी नव्हे हं, मापं घेणारी! पिवळी, दीडशे सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. कारखान्यात माझ्याबरोबर हजारो बहिणी जन्मल्या. त्यांचं पुढे काय झालं, देव जाणे. मी मात्र एका शिवणकामाच्या दुकानात आले आणि चौदा वर्षं एकाच गळ्यात राहिले.

तो गळा माझ्या मालकिणीचा. तिचं वय एक्केचाळीस. पुढच्या खोलीत तिचा दादा गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, मागच्या खोलीत ती कापड बेतते. घरात तिला लहानपणापासून 'घुमी' म्हणतात, कारण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. कोटाच्या बाहीविषयी मात्र विचारून बघा, मग ती थांबायचं नाव घेत नाही! दाराची घंटा वाजली की ती दचकते. बोलावं लागलं की मला बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. माझे पहिले वीस आकडे त्यातच पुसले गेले. मला त्याचा अभिमान आहे.

एक दिवस तिने ऑटिझमबद्दल वाचलं आणि म्हणाली, "दादा, हे माझ्याबद्दलच लिहिलंय. मला तपासून घ्यायचंय."

दादा मायाळू, पण घाबरट. त्याने तिला नोकरीच्या मुलाखतीला पाठवावं तसं तयार केलं. "डोळ्यांत बघून बोल. हसतमुख राहा. आणि ती टेप घरी ठेव, शोभत नाही." आठवडाभर त्याने तिची उजळणी घेतली. तपासणीच्या दिवशी मी खिळ्यावर लटकून होते.

ती दुपारी परत आली. तज्ज्ञांनी तासाभरात सांगितलं होतं की ऑटिझम नाही, स्वभाव जरा लाजाळू आहे. "सुटलो बाबा!" दादा म्हणाला. ती मात्र बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली. तीन दिवस तिने कात्रीला हात लावला नाही. "मग मला सगळं इतकं जड का जातं?" एवढंच पुटपुटायची. मला तिच्याजवळ जायचं होतं. पण आम्हाला पाय कुठे असतात?

पुन्हा तपासून घेऊ म्हटलं की दादा उखडायचा. "एकदा नाही म्हणाले ना? आता हो म्हणेपर्यंत डॉक्टर बदलत बसायचं का?" ती मला बोटाला गुंडाळत मागच्या खोलीत निघून जायची.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी दादानेच आणून दिलं. त्याला नवा कोट हवा होता. मी त्याच्या पोटाभोवती फिरले तेव्हाच मला कळलं, स्वारीने श्वास रोखलाय! गिऱ्हाइकाला ती "श्वास सोडा" म्हणून सांगते आणि माप परत घेते. भावाच्या बाबतीत मात्र तिने विश्वास टाकला. कोट तयार झाला आणि बटण काही केल्या लागेना.

"माप चुकलं तुझं, घुमे!"

"माप बरोबर होतं. तू पोट आत घेतलं होतंस."

एवढं बोलली आणि मला गुंडाळता गुंडाळता थांबली.

"दादा, मीपण तिथे तेच केलं. तासभर पोट आत घेऊन बसले. त्यांना जे दिसलं ते त्यांनी मापलं."

त्या घट्ट कोटात दादा तसाच उभा राहिला. "मीच शिकवलं तुला तसं," तो हळूच म्हणाला. दुसऱ्या एका तज्ज्ञ बाईंची वेळ त्याने स्वतः फोन करून घेतली.

या खेपेला मी तिच्या खिशात होते. उजळणी नाही, काही नाही. तीन बैठका झाल्या. दादाने तिच्या लहानपणच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या: बटणांच्या रांगा, कानांवर हात, टेबलाखालची जागा. मग तो बाहेर जाऊन बसला. मालकिणीने मला खिशातून काढलं आणि बाईंनी बघताच घाईने लपवलं.

"राहू द्या ना," बाई म्हणाल्या. "मला सांगा हिच्याबद्दल."

झालं! मी वापरून कशी ताणत जाते, दर महिन्याला लोखंडी पट्टीवर मला कसं तपासावं लागतं, हे ती टेबलाकडे बघत अर्धा तास सांगत होती. माझ्याविषयी इतकं कौतुकाने कधी कुणी बोललं नव्हतं. मी तर फुलून गेले!

शेवटच्या बैठकीत बाईंनी स्पष्ट सांगितलं, ऑटिझम आहे, आणि तो लहानपणापासून आहे. ती रडली, मग हसली, मग पुन्हा रडली.

आता दुकानाच्या दाराला घंटा नाही. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही. दादा 'घुमी' म्हणणं सोडणार होता, पण तीच म्हणाली, "राहू दे, सवय झालीय." मी चार मिलिमीटर ताणले गेले आहे, म्हणून मापाला आता नवी टेप आहे. माझा मुक्काम कायमचा खिशात. मजेत आहे मी.

मित्रांनो, आम्हा टेपांना घडी घालून दाबून ठेवू नका, टांगून ठेवा. आणि माणसाचं माप घ्याल तेव्हा एवढंच करा, जे मालकिणीने त्या शेवटच्या बैठकीनंतर केलं. ती बाईंच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा दादा बाकावर श्वास रोखून ताठ बसला होता. तिला मिठी आवडत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो जागचा हललाही नाही. तिने माझं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाली, "दादा, श्वास सोड."