भिंगरीचं कॉलेज आणि मी, शिवणाचं टेबल

मी शिवणाचं टेबल बोलतोय. हो, तेच. तुम्ही आल्या आल्या ज्याच्यावर पिशवी आदळता, कोपर टेकता आणि "बाई, परवापर्यंत मिळेल ना?" म्हणून घाई करता, तेच टेबल. रोज तुमचं ऐकतो, आज जरा माझं ऐका.

जन्माने मी टेबल नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेचं दार होतो. मुलं मला लाथेने उघडायची आणि धाडकन आपटायची. शाळेने नवी दारं बसवली, तेव्हा माझी रवानगी जुन्या लाकडांच्या वखारीत झाली. जळणातच जायचो, पण शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि वखारवाल्याला म्हणाल्या, "हे आडवं टाकलं तर मला कापड बेतायला होईल." सुताराने कुलपाचं भोक बुजवलं, रंधा मारला, पाय ठोकले. उभ्याचा आडवा झालो आणि मजेत आहे. बाईंचे उपकार या जन्मात तरी फिटायचे नाहीत.

दुकान म्हणजे बाईंच्या घराची पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध मी, मागे पडदा, पडद्यामागे संसार. नवरा लवकर गेला, त्यामुळे घरात बाई आणि त्यांची लेक एवढ्याच. लेकीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण तिचं मन एका ठिकाणी थांबेल तर शपथ!

माझा अर्धा भाग कापडाचा, अर्धा भिंगरीचा. तिच्या बाजूला जाड पुस्तकांखाली झाडांची पानं वाळत पडलेली असायची. कागद संपला की ती आईचा खडू घेऊन थेट माझ्या अंगावर गणितं मांडायची. बाई ओरडायच्या, "अगं, कापडाला लागेल ना तो खडू!" आणि उरलेल्या वेळात ती उरल्यासुरल्या कागदांवर गिऱ्हाइकांची चित्रं काढायची. नाकं मात्र सगळ्यांची जरा लांबच.

दर रविवारी तिचा मामा यायचा. स्वभावाने लाख माणूस, पण सल्ला दिल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. "झाडं काय, गणित काय, चित्रं काय! एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"दादा," बाई कात्री न थांबवता म्हणायच्या, "या दुकानात चिंध्यांना नावं ठेवायची नाहीत."

बाईंचा एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या कुणाचाही कपडा एकदम पक्का शिवत नाहीत. आधी हाताने लांब लांब कच्चे टाके घालतात. मग गिऱ्हाइकाला तो कपडा घालून हात वर करायला लावतात, खाली बसायला लावतात, चार पावलं चालायला लावतात. कुठे ओढतंय, कुठे झोळ पडतोय ते बघतात आणि मगच मशीनवर घेतात. घाईचं गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी नियम म्हणजे नियम.

बारावीचा निकाल लागला. भिंगरीला उत्तम गुण पडले आणि शहरातल्या मोठ्या औषधशास्त्राच्या कॉलेजात जागा मिळाली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. मामाने पेढ्यांसारखी गल्लीभर बातमी वाटली. भिंगरी हसत होती, पण तिचं हसू काही डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. तिच्या मनात दुसरंच कॉलेज होतं. दूरच्या गावातलं, लहानसं. तिथे पहिलं वर्ष वेगवेगळे विषय शिकायचे आणि मग मुख्य विषय ठरवायचा. पण आईच्या आनंदावर पाणी कसं ओतायचं? मोठ्या कॉलेजला होकार कळवायची मुदत आठवड्यावर आली, तरी पोरीच्या तोंडून शब्द फुटेना.

त्या आठवड्यात बाईंनी मलासुद्धा चकित केलं. भिंगरी बाहेर गेलेली असताना त्यांनी पांढरंशुभ्र कापड माझ्यावर पसरलं आणि प्रयोगशाळेत घालायचा कोट बेतला. मापाला काय, तर लेकीचा शाळेचा जुना गणवेश! कच्चा टाका नाही, घालून बघणं नाही. थेट मशीन. आनंदाने माणूस कसा आंधळा होतो, ते मी त्या दुपारी पाहिलं.

संध्याकाळी भिंगरीने कोट अंगात घातला. खांदे घट्ट, बाह्या आखूड. हात पुढे केला तर पाठीत उसवायचाच बाकी राहिला.

"अगंबाई, वाढलीस की तू!" बाई ओशाळून म्हणाल्या.

भिंगरीचा बांध फुटला. "आई, तू सगळ्या जगाला आधी घालून बघायला लावतेस. मला विचारलंसुद्धा नाहीस गं!"

बाई स्टुलावर बसल्या. भिंगरीने रडत रडत सगळं सांगितलं. तीनही विषय आवडतात, एकही आत्ताच सोडवत नाही, त्या लहान कॉलेजबद्दल कधीपासून वाचतेय, सगळं. बाईंनी कोट हातात घेतला आणि शिवण उसवायला लागल्या. उसवता उसवता म्हणाल्या, "उद्यापासून दोन दिवस दुकान बंद. दोन्ही कॉलेजं बघायची. नुसती बाहेरून नाही, वर्गात बसून."

दुकान बंद! मी दार असतो तर दचकून उघडलोच असतो.

मला काही जाता आलं नाही, पण परत आल्यावर दोघी माझ्याशीच बसल्या, म्हणून सगळं कळलं. मोठ्या कॉलेजची इमारत झकास, प्रयोगशाळा चकाचक, नोकरीची हमी. लहान कॉलेजच्या वाचनालयाचं छत गळकं, खानावळीतला चहा म्हणजे कोमट पाणी.

"मग?" भिंगरीने घाबरत विचारलं.

"मग काय? गिऱ्हाईक तोंडाने 'छान बसलंय' म्हणतं, पण मी त्याचे खांदे बघते," बाई म्हणाल्या. "मोठ्या कॉलेजात तू सारखी घड्याळाकडे बघत होतीस. दुसरीकडे डबा उघड म्हणून मला तुझ्या मागे लागावं लागलं, आणि तू त्या प्राध्यापकबाईंशी भांडतच होतीस पानांवरून." त्यांनी डोळे पुसले. "मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटतंय. पण तुझ्या अंगाला न बसणारं मी तुला घालायला लावणार नाही."

भिंगरी आईच्या गळ्यात पडली. मामा रविवारी खूप तणतणला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी!" वगैरे सगळं म्हणून झालं. शेवटी सामान उचलून गाडीवर चढवायला मात्र तोच पुढे होता.

आता भिंगरी तिकडे वसतिगृहात राहते. झाडांचा विषय मुख्य घ्यायचा की गणिताचा, अजून ठरलेलं नाही, आणि ती मजेत आहे. माझा तिच्या वाटणीचा अर्धा भाग रिकामा असतो. गिऱ्हाइकांनी तिथे पिशवी ठेवली की बाई हळूच उचलून खाली ठेवतात. माझ्यावर खडूने कुणी गणितं मांडत नाही, त्याची आठवण येते. पण तक्रार नाही. जळणात जायचं लाकूड मी, माझ्या पाठीवर एक मुलगी शिकली, याहून काय हवं?

परवा तिचा फोन आला. बाईंनी आवाज मोठा करून तो माझ्यावर ठेवला आणि काजं करत बोलत बसल्या. बोलता बोलता भिंगरीने विचारलं, "आई, तुला माझ्या वयात काय आवडायचं गं?"

बाईंची सुई थांबली. "मला? नकाशे काढायला आवडायचे. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी. मास्तर वर्गात लावायचे माझा नकाशा."

"मग पुढे?"

"पुढे काय, मशीन आली." बाई हसल्या, आणि मग काज अर्धंच सोडून त्यांनी फोन जवळ ओढला. "अगं, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

तुमच्या घरातही एखादं टेबल असेल. त्याच्याभोवती बसून पोरांना विचारा. आणि जमलं तर त्यांच्या आईलाही.