सरावानंतरचा रकाना

आपले आहारतज्ज्ञ म्हणजे बडं प्रस्थ! भिंतीवर दोन प्रमाणपत्रं: एक खेळाडूंच्या आहाराचं, दुसरं आजारातल्या पथ्याचं. दुसरं नवंकोरं, म्हणून जरा वर टांगलेलं. बाकीचे एकतर खेळाडूला पळवतात नाहीतर रोग्याला बरं करतात, आपण दोन्ही एकदम करतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. समोरचा जांभया देऊ लागला तरी ऐकवत. आता ते आठवलं की त्यांचे त्यांनाच कान गरम झाल्यासारखे वाटतात.

त्यांच्याकडे पाच हजार मीटर धावणारी एक मुलगी आली. रक्तात लोह फारच कमी. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ आठवड्यांत आकडा वर आला तरच निवड स्पर्धेत धावायचं. आहारतज्ज्ञांच्या वहिनी रुग्णालयात पथ्याचं काम बघत. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाल्या, "भावजी, लोहाच्या गोळीची वेळ तेवढी सांभाळा हं."

झालं, भावजींचं नाक वर! आता वहिनींनी आपल्याला शिकवायचं? त्यांनी चिठ्ठीवरून नजर फिरवली न फिरवली आणि खेळाचा नि पथ्याचा मिळून एकच तक्ता केला. सहा रकाने, पाच रंग. सरावानंतरच्या रकान्यात दुधाचा मोठा ग्लास, कारण थकलेल्या स्नायूंना तो हवाच. त्याच रकान्यात जरा जागा उरली होती, तिथे लोहाची गोळी बसवली. कशी चपखल बसली! पोरगी विसरणारही नाही.

आठ आठवड्यांनी तपासणी झाली. आकडा जिथल्या तिथे.

प्रशिक्षक अहवाल घेऊन आले ते भडकूनच. मुलगी मागे उभी. "गोळ्या फेकून देत होतीस ना? खोटारडी मुलगी मला संघात नको!"

"नाही हो सर," ती रडायलाच लागली. "एकही चुकवली नाही. तक्त्यात आहे तशीच घेतली, दुधाबरोबर."

आहारतज्ज्ञांनी तक्ता पुढे ओढला: दूध आणि गोळी एकाच रकान्यात. दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. खणातून त्यांनी वहिनींची चिठ्ठी काढली. 'गोळी दुधापासून दोन तास दूर.' खाली दोन रेघा मारलेल्या.

गप्प बसणं सोपं होतं. प्रशिक्षकांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. 'काहींच्या अंगी लोह लागतच नाही' असं भारदस्त वाक्य जिभेवर तयारही होतं. लाज वाटायला हवी, पण होतं.

"तिला बोलू नका," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मीच गोळी दिली आणि मीच तिच्यावर दूध ओतलं."

प्रशिक्षक वरमले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तुझी संघातली जागा कुठे जात नाही, असं पुटपुटले. तिने डोळे पुसले.

"म्हणजे गोळी नीट घेतली असती, तर मी रविवारी निवड स्पर्धेत धावले असते?"

एरवी तासभर बोलणाऱ्या आहारतज्ज्ञांना एवढंच जमलं, "हो."