आईचा हात फिरलेले निबंध

तिसरी ताकीद हातात पडली तेव्हा मुंगीला रडूसुद्धा येईना. पहिल्या ताकिदीला ती ढसाढसा रडली होती, दुसरीला बाईंशी वाद घालून झाला होता. आता करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शाळेने निबंध तपासायला मशीन आणलं होतं. दिसायला साधा कॉम्प्युटर, पण तोरा न्यायाधीशाचा. मुलांनी निबंध त्यात टाकायचा आणि त्याने तो शाळेतल्या जुन्या-नव्या सगळ्या निबंधांशी ताडून चोरीची वाक्यं लाल करायची. मुंगीचा निबंध दर वेळी गोवर आल्यासारखा लालेलाल. तीन ताकिदी झाल्या की वार्षिक परीक्षेला बसता येत नाही, वर्ष वाया, असा नियम होता.

"अगं, किती वेळा सांगायचं? स्वतःचं लिही," भाषेच्या बाई म्हणाल्या.

"स्वतःचंच आहे, बाई."

"मग मशीनने काय तुझ्यावर डूख धरलाय?"

या वेळी बाईंनी पडदाच तिच्याकडे वळवला. हे बघ, हे वाक्य गेल्या वर्षीच्या एका मुलाचं. हे त्याच्या आधीच्या वर्षीच्या मुलीचं. मुंगी वाचत गेली. 'खरं सांगू का, माझा पाय तिथून निघता निघेना.' 'हसावं की रडावं, काही कळेना, म्हणून आधी पाणी प्यायले.' ही त्या मुलांची वाक्यं नव्हतीच. ही तिच्या आईची होती.

शाळेच्या फाटकासमोर आईचं टायपिंगचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आईच्या पाठीला टेकायला उशी. मुलं हाताने खरडलेले निबंध आणून द्यायची, आई टाइप करून द्यायची. पण नुसतं टाइप करणं तिच्या रक्तातच नव्हतं. लंगडं वाक्य दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. "जरा हात फिरवते हं," म्हणायची आणि आपलं एखादं वाक्य घालून मोकळी व्हायची. त्याचे वेगळे पैसे नाहीत की काही नाही, हौसच दांडगी. मुलांना गुण मिळायचे, मुलं खूश, आई त्याहून खूश.

एकेका निबंधात आईचं एखाद-दुसरंच वाक्य असायचं, तेवढ्याकडे मशीन काणाडोळा करायचं. मुंगी आपला निबंध स्वतःच टाइप करायची, आई तो कधी बघतसुद्धा नसे. पण मुंगी बोलायला शिकली ती आईच्या तोंडून, जेवताना ऐकलं ते आईचं, रुसल्यावर समजूत काढली ती आईने. ती लिहायला बसली की तसंच यायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आता हे त्या पडद्याला कोण समजावणार?

दुकानात येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आईने अर्धवट टाइप केलेला कागद तसाच सोडला, शटर ओढलं आणि मुंगीला घेऊन तडक मुख्याध्यापकांची खोली गाठली.

"साहेब, ती वाक्यं माझी आहेत. पोरांच्या निबंधात मीच घालते. माझ्या मुलीने कुणाचं काही चोरलेलं नाही."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आमच्या मुलांचे निबंध तुम्ही लिहिता?"

"लिहीत नाही हो, नुसता हात फिरवते."

"आणि मुलीच्या निबंधावर?"

"तिच्या निबंधाला मी बोटसुद्धा लावत नाही!"

"शेजारपाजारच्या मुलांना लिहून देता आणि घरच्या मुलीला देत नाही? हे कुणाला पटेल, बाई?"

मुलीला सोडवायला आलेली आई तिच्यावरचा आळ आणखी पक्का करून बसली होती. यापुढे मुलांनी त्या दुकानाची पायरी चढायची नाही, हे तिथल्या तिथे ठरलं.

तिथेच बसलेल्या भाषेच्या बाईंना मात्र थोडी दया आली. त्या म्हणाल्या, "हिला इथेच, आपल्यासमोर लिहू द्या. विषय मी देते. निबंध मशीनमधून सुटला तर ताकीद मागे घेऊ."

आईला बाहेर बसवलं. विषय होता, 'मला सर्वांत जास्त आवडणारी जागा'. मुंगीने लिहिलं, 'खरं सांगू का,' आणि खोडलं. दुसरं वाक्य मनात जुळवलं, ते आईच्या आवाजातच ऐकू आलं. तिसरं पुस्तकी लिहून पाहिलं, तर ते वर्गातल्या कुणाचंही वाटलं, तेही खोडलं. तिला आईचा भयंकर संताप आला. कशाला मेली सगळ्यांना वाक्यं वाटत बसली, असं मनात आलं, आणि हेसुद्धा आईच्याच धाटणीने मनात आलेलं बघून तिने पेन खाली ठेवलं. तिचं स्वतःचं असं जे काही होतं, ते आधीच शाळाभर दुसऱ्यांच्या नावावर लागलं होतं.

बाईंनी कागद उचलला. खोडलेल्या ओळींखाली सगळं कोरं होतं. "मग? आपल्या मनाने एक ओळसुद्धा येत नाही ना?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मुंगी उठून खोलीतून निघाली. बाहेर आई बाकावरून धडपडत उठली.

"झालं ना गं नीट?"

"झालं."

"तुझं तूच लिहिलंस ना? माझं काही नाही ना आलं त्यात?"

"नाही आई," मुंगी म्हणाली. "तुझं काहीच नाही आलं."

आईने डोळे मिटून दोन्ही हात जोडले.